झाकणांचा दारोगा

दारू पकडणारे दारोगे मी नोकरीत चार-पाच पाहिले. झाकणं पकडणारा एकच पाहिला, आणि त्याच्या हाताखाली सात वर्षं मुन्शीगिरी केली. गोष्ट निजामीतली. आबकारीची आमची कचेरी म्हणजे तालुक्याच्या गावातल्या दोन खोल्या, पुढं कडुलिंबाचं झाड, एक चपराशी आणि उर्दूत लिहिलेल्या वह्या. वह्या मी लिहायचो. माझं अक्षर चांगलं होतं. माझ्याविषयी चांगलं सांगण्यासारखं तेवढंच आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो.

साहेब कमठाण्याकडचे. घर धनगराचं. गावातल्या कुणा मास्तरानं त्यांना मेंढरांमागून उचलून शाळेत बसवलं, तिथून ते उर्दू शिकत शिकत दारोगा झाले. पण मेंढरं काही त्यांच्यातून गेली नाहीत. अंगात सरकारी खाकी कोट, खाली गुडघ्यापर्यंतचं धोतर आणि खांद्यावर घोंगडी, असा त्यांचा थाट. उन्हाळ्यातसुद्धा घोंगडी घरी राहायची नाही. खुर्चीवर ते फक्त वरचा अधिकारी आला की बसत, आणि तेसुद्धा शिक्षा झाल्यासारखे. एरवी उकिडवे. मोजायचं ते विसांनी: "दोन इसा आन् पाच झाकणं झाली बगा." मी वहीत पंचेचाळीस लिहायचो.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला आपलं शास्त्र सांगितलं.

"दारू धरून काय करायलाव, मुन्शी? वतली की मातीत गेली, पिली की पोटात गेली. साक्ष कोन देनार? मानूस लबाड आन् दारू उडाऊ. भांडं गरीब जित्राब हाय. ते खोटं बोलत न्हाई."

त्यात तथ्य होतं. चोरून दारू गाळायला लागतं काय? मोहाची फुलं, एक मोठं भांडं, भांड्यावर भोकाचं झाकण आणि त्या भोकात बसवायची नळी. फुलं रानात पडलेली, भांडं घरोघरी, बांबूची नळी कुठल्याही कुंपणाला. राहिलं झाकण. तांब्याच्या झाकणाला नीट गोल भोक पाडणं तांबटाशिवाय कुणाला जमत नाही. साहेबांनी तालुक्यातल्या तांबटांना बोलावून सांगितलं की मला विचारल्याशिवाय कुठल्या झाकणाला भोक पाडायचं नाही. मग गावोगाव दवंडी दिली की सुगी झाल्यावर ज्याच्या घरी तांब्याचं मोठं झाकण असेल त्यानं ते कचेरीत आणून दाखवावं. मी विचारलं, "साहेब, मडक्याची झाकणं?"

"मडक्याची दारू मडक्याएवढीच. तिच्यानं गाव बुडत न्हाई."

झाकणांची जत्रा असं लोक त्या दिवसांना म्हणायचे. डोक्यावर तांब्याची झाकणं घेतलेल्या बायांची रांग कडुलिंबापासून वेशीपर्यंत जायची. उन्हात ती झाकणं अशी चमकायची की चपराशी डोळ्यांवर हात धरून उभा राहायचा. साहेब घोंगडीवर उकिडवे, डाव्या हातात कानस. ते डावरे होते. झाकण मांडीवर घ्यायचं, मेंढराचा दात बघावा तसा काठ उलटून बघायचा आणि कानशीनं काठाला खाचा पाडायच्या. धनगर मेंढराच्या कानाला अशीच खूण पाडतात. प्रत्येकाची वेगळी, म्हणजे मेंढरू दुसऱ्याच्या कळपात मिसळलं तरी ओळखू येतं. वरच्या कचेरीनं शिशाची मोहर पाठवली होती, ती साहेबांनी दाराला अडसर म्हणून ठेवली. मोहर काढता येते, खाच भरून येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी त्या खाचा वहीत काढून नाव लिहायचो, पण ते वही कधी उघडत नसत. डोळे मिटून काठावरून अंगठा फिरवायचे आणि सांगायचे, "हे पाटलाच्या सुनंचं. मागल्या साली पडलं होतं, पोचा आलाय."

लग्नात गेले तरी तेच. पंगत बसली की साहेब मागच्या अंगाला आचाऱ्यापाशी, भाताच्या भांड्याचं झाकण वर धरून. नवऱ्यामुलीचा बाप हात जोडून म्हणायचा, "सायब, आधी दोन घास तर खावा." साहेब म्हणायचे, "तुमी वाढा, मी ह्यास्नी बगतो."

एकदा महादेवाच्या देवळात गेलो. पिंडीवर अभिषेकपात्र टांगलेलं. साहेबांनी नमस्कार केला, मान वर केली, आणि त्यांच्या डोळ्यांत ती ओळखीची चमक आली.

"भोक हाय," ते म्हणाले.

पुजारी घाबरला. "साहेब, अभिषेकाचं हाय ते. भोकातूनच धार पडती."

"मी कुठं न्हाई म्हनायलोय? पर भोक हाय."

शेवटी महादेवाच्या नावानं परवाना झाला. वहीत मी लिहिलं, महादेव, राहणार देऊळ. वडिलांच्या नावाचा रकाना आला तसा अडलो. साहेबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "स्वयंभू लिवा." देवळातून निघताना त्यांनी पात्राच्या काठाला खाच पाडली आणि पुन्हा एकदा नमस्कार केला.

अशी उघड्या भोकाची परवान्याची झाकणं अख्ख्या तालुक्यात तीनच होती. एक महादेवाचं. दुसरं हकीमसाहेबांचं, ते गुलाबपाणी आणि औषधी अर्क काढत. तिसरं कडगंचीच्या सुइणीचं. तिला सगळे अक्का म्हणत. काडीसारखी बाई, पण आवाज शेताच्या त्या टोकाला जाईल असा. ती ओव्याचा अर्क काढायची. पंचक्रोशीत कुठंही बाळंतीण असली की अक्का अर्काची बाटली पदराखाली घेऊन हजर. त्या अर्कानं किती बाया उठून बसल्या हे ती सांगायची नाही, बाया सांगायच्या. झाकणांच्या जत्रेत ती आली की लोक मुद्दाम ऐकायला थांबत. साहेबांना ती अप्पा म्हणायची.

"अप्पा, दरसाली कामून बगायलाव? भोक काय पोरगं हाय व्हय वाडायला?"

"वाडतंय, अक्का. लोभानं वाडतंय."

"मग माजं बगा, हाय तेवडंच हाय."

साहेब अंगठा फिरवायचे. तीन खाचा जवळजवळ आणि चौथी बोटभर लांब, ही अक्काची खूण. "हाय तेवडंच हाय," ते कबूल करायचे, आणि अक्का रांगेतल्या बायांकडं बघत झाकण डोक्यावर घेऊन निघायची.

साहेबांची आणखी एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. एका शेतकऱ्यानं भोकाचं झाकण आणलं. भोकात गूळ-चुना भरून वरून राख चोळलेली. साहेबांनी नखानं टोकरलं, गूळ निघाला.

"भोक कुनी पाडलं?"

"उंदरानं, सायब."

तांब्याला भोक पाडणारा उंदीर! रांग हसली. साहेब हसले नाहीत. "भोक कुनी पाडलं?"

"जल्मताच हाय, सायब."

साहेबांनी तिसऱ्यांदा तेच विचारलं, त्याच आवाजात. त्या माणसानं मान खाली घातली. "मीच पाडलं." साहेबांनी भोक तांबटाकडून बुजवून घेतलं आणि त्याला जाऊ दिलं. खटला नाही, काही नाही. मी चिडलो. ते म्हणाले, "आमच्यात मेंढराच्या कानाचा वाद आला की तीनदा इचारतेत. दोनदा मानूस भ्याला म्हनून खोटं बोलतंय. तिसऱ्यांदा बोलंल ते त्याचं. खरं असलं तर सुटला. खोटं असलं तर इचारनाराचं वझं उतरलं, सांगनाराच्या मानंवर बसलं. मग पुन्ना इचारायचं न्हाई."

मला त्या वेळी ती अडाण्यांची रीत वाटली. मी दोन इयत्ता जास्त शिकलेला होतो.

आता माझ्या थोरल्या भावाचं सांगायला हवं. अण्णा आळंदला तुरीचा व्यापार करायचा आणि गावाबाहेर आमच्या शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे गोठा आणि खोपट होतं तिथं, मोहाची दारू गाळायचा. हे मला दोन वर्षं माहीत होतं. आबकारीच्या मुन्शीच्या घरची भट्टी! दिवा सरकारचा आणि अंधार आमचा. मी अण्णाला कधी बोललो नाही, कारण वडील लवकर गेले तेव्हा अण्णानं शाळा सोडली म्हणून माझी झाली. घरात ते रोज कुणी बोलून दाखवायचं नाही, पण ताटात वाढलेलं असायचं.

एका जत्रेच्या आधी अण्णानं कचेरीत येऊन झाकण माझ्यापुढं ठेवलं. परगावच्या तांबटाकडून करून आणलेलं, मधोमध सुबक भोक.

"तुजा सायब येडा हाय. कवा आखाड्यावर येईल सांगता येत न्हाई. ह्याला परवान्याची खून पाड आन् वहीत माजं नाव घाल. अर्काचा परवाना."

"अण्णा, नोकरी जाईल माजी."

"आन् मी जेलात गेलो तर तुजी ऱ्हाईल व्हय?"

साहेब जेवायला गेले होते. चपराशी झाडाखाली आडवा झाला होता. भर दुपारी, उघड्या दारात मी साहेबांची कानस उचलली. नवी खूण काढायची अक्कल सुचली नाही. परवान्याच्या तीनच खुणा मला पाठ होत्या. हकीमसाहेबांची घ्यावी तर ते कचेरीसमोरच राहायचे आणि त्यांची ऊठबस मोठ्यांत. महादेवाची घ्यावी तर पाप लागेल अशी भीती वाटली. खरंच वाटली, देवाला फसवायला मी धजलो नाही. म्हणून सुइणीची घेतली. तीन खाचा जवळजवळ आणि चौथी बोटभर लांब. मग वहीत गेल्या सालच्या पानावर एक ओळ रिकामी होती, तिथं माझ्या चांगल्या अक्षरात अण्णाचं नाव घातलं. एकही अक्षर बिघडलं नाही, हे आठवलं की आजही मला स्वतःची किळस येते.

पुढच्या महिन्यात कुणीतरी साहेबांच्या कानावर घातलं. आम्ही आखाड्यावर गेलो तेव्हा भांडं धुऊन पालथं घातलेलं होतं, पण मोहाचा वास गोठ्यापर्यंत येत होता. साहेबांनी वासाकडं लक्ष दिलं नाही. त्यांनी झाकण मांडीवर घेतलं, डोळे मिटले, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हे अक्काचं."

अण्णा टोपी सारखी करत पुढं झाला. "अक्काचं न्हाई, सायब. तुमीच दिल्याव की परवाना, मागल्या साली. मुन्शीला इचारा."

मी वही उघडून ओळ दाखवली. साहेबांनी ती वाचली. त्यांनी मन लावून वही वाचलेली मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिली. मग चपराशाला अक्काकडं धाडलं. ऊन कलायच्या आत अक्का झाकण डोक्यावर घेऊन पोचली. घामानं निथळत होती. कुठली तरी बाळंतीण अर्धवट टाकून आली होती आणि तेच पहिलं ओरडून सांगत होती.

साहेबांनी घोंगडी अंथरून दोन्ही झाकणं शेजारीशेजारी ठेवली. उकिडवे बसून एकदा याच्यावर, एकदा त्याच्यावर अंगठा फिरवला. बराच वेळ. मग मान वर केली. अण्णाकडं नाही, अक्काकडं नाही, माझ्याकडं बघितलं.

"मुन्शी, ही खून कुनाच्या हातची?"

"वहीत नोंद हाय, साहेब."

"वही न्हाई इचारली. खून कुनाच्या हातची?"

मला रीत माहीत होती. सात वर्षं बघितली होती. दोनदा माणूस भितो, ते माफ आहे. "मागल्या जत्रंत लई गर्दी होती, साहेब," मी म्हणालो, "एकच खून दोनदा पडली असंल."

अण्णाचा श्वास मला ऐकू येत होता. एक शब्द बोललो असतो तर अण्णा जेलात, मी घरी आणि अक्काचं झाकण अक्काच्या डोक्यावर. साहेबांचा आवाज चढला नाही. उलट उतरला, आजारी माणसाला विचारतात तसा.

"मुन्शी, खून कुनाच्या हातची?"

"तुमच्या," मी म्हणालो.

"बरं," साहेब म्हणाले. "मग चूक माजी."

ते उठले. त्यानंतर त्यांनी मला पुन्हा काही विचारलं नाही.

त्यांनी स्वतःहून वर कळवलं की आपल्या हातून एक खूण दोन झाकणांना पडली. ते पत्र मलाच लिहावं लागलं. महिन्यात हुकूम आला की खाचांची पद्धत बंद, आणि खासगी लोकांकडची भोकाची सगळी झाकणं मोडून टाकावीत. हकीमसाहेबांनी वरपर्यंत ओळख लावून आपलं वाचवलं. महादेवाच्या पात्राला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. राहिली दोन. अण्णाचं मोडलं, त्याचं अण्णाला काही वाटलं नाही. परवान्याची नोंद असल्यामुळं खटला टळला, आणि आठ दिवसांत त्यानं मडकी मांडली. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "भाऊ असावा तर असा."

अक्काचं झाकण कडुलिंबाखाली मोडलं. हातोड्याचा आवाज मोठा होऊ नये म्हणून साहेबांनी खाली आपली घोंगडी दुमडून घातली. अक्का रडली नाही. ती साहेबांच्या समोर उभी राहून बोलली, त्यांच्या बापाला, मेंढरांना, पुढच्या सात पिढ्यांना. लोक ऐकायला थांबले, पण कुणी हसलं नाही. साहेब प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. "व्हय, अक्का. चूक माजी." मी दारात वही घेऊन उभा होतो, कारण मोडलेल्या झाकणाची नोंद करायची होती.

साहेबांना औरादकडं कुठल्या तरी गोदामावर पाठवलं. दारोगा म्हणून नाही, राखणीला. गाडीत बसताना त्यांच्या खांद्यावर घोंगडी होती आणि तिला मधोमध एक छिद्र पडलं होतं, हातोड्याखाली आलेलं. मी नमस्कार केला. त्यांनी कोटाच्या खिशातून कानस काढून माझ्या हातात दिली.

"ही ठिवा, मुन्शी. तुमच्या हाताला बसली हाय."

मला वाटलं, मायेनं दिली. मूर्ख तर मूर्ख, पण किती! डोळे भरून आले माझे. घरी गेलो, आणि कौतुकानं आमच्या भाताच्या भांड्याच्या झाकणावर त्यांनीच पाडलेल्या खाचांवरून अंगठा फिरवला. खाचा एका अंगाला कललेल्या लागल्या. बसल्या जागी मी कानशीनं त्यांच्या शेजारी एक खाच पाडली आणि पुन्हा अंगठा फिरवला. माझी खाच दुसऱ्या अंगाला कललेली. ते डावरे होते, मी उजवा. आंधळ्यालासुद्धा कळलं असतं, आणि साहेबांचं सगळं आयुष्य त्या अंगठ्यात होतं. आखाड्यावर पहिल्यांदा हात लावला तेव्हाच ओळखलं असणार. ओळखून विचारलं, तीनदा विचारलं, आणि मी जे सांगितलं ते खरं धरून दारोगापण सोडून दिलं.

त्यांच्याकडं जायचं मी कितीदा तरी ठरवलं. औराद काही काशी नव्हे. पण मी गेलो नाही. पुढं कुणाकडून तरी कळलं की ते वारले.

माझ्या धाकट्या मुलीच्या वेळी बायकोला रात्रभर कळा आल्या आणि सकाळी मी कडगंचीला गाडी पाठवली. अक्का आली. म्हातारी झाली होती, आवाज बसला होता. दुपारी मुलगी झाली, पण बायकोला ग्लानी आली ती उतरेना. अक्का चुलीपुढं बसून ओवा नुसता पाण्यात उकळत होती.

"अर्क असता तर आतापत्तूर उठून बसली असती," ती म्हणाली. "ह्या पान्यात काय जीव हाय? त्या मेंढक्यानं माजं भांडं खाल्लं बगा. तुमी तितंच व्हताव की, मुन्शीजी. सगळं ठावं हाय तुमाला. कामून केलं वो त्यानं असं?"

मी दारात उभा होतो. आत बायको डोळे मिटून पडली होती. मी काही बोललो नाही, आणि अक्काही पाणी ढवळण्यात गुंतली.

बायको वाचली, तीन दिवसांनी उठली. त्यानंतर पुष्कळ वर्षं मी स्वतःला समजावत आलो की अक्कानं एकदाच विचारलं. आणखी दोनदा विचारलं असतं तर मी खरं सांगून टाकलं असतं. पण ज्यानं मला तीनदा विचारलं होतं त्याला मी काय सांगितलं, ते मला ठाऊक आहे.